‘ऑल’मध्ये अळंबी का दिसत नाही?

प्रश्न : मी निवृत्त विज्ञान शिक्षिका आहे, कुडाळजवळच्या गावात राहते. पावसाळ्यात रानातल्या अळंब्यांचे फोटो काढायचा मला छंद आहे. भाच्याने ‘लेमी डॉट वर्ल्ड’ या चर्चांच्या साइटवर खातं उघडून दिलं. म्हणाला, मावशी, इथे जाहिराती नाहीत आणि प्रत्येक विषयाची कम्युनिटी आहे. पण उघडावं तर अमेरिकेचं राजकारण, लिनक्स आणि मीम्स. ‘ऑल’वर टिचकी मारली तरी तेच. अळंब्यांबद्दल बोलणारी माणसं तिथे खरंच आहेत का? असली तर मला सापडणार कशी? की मीच एखादी कम्युनिटी काढू?
– एक वाचक, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : ताई, माणसं आहेत आणि चांगली जाणकार आहेत. ती तुमच्यापर्यंत का पोचत नाहीत ते आधी सांगतो, म्हणजे शोधायचं कुठे ते आपोआप कळेल.

लेमी ही कुणा एका कंपनीची साइट नाही. २०१९मध्ये सुरू झालेलं, चर्चांच्या साइट चालवायचं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. कुणीही ते आपल्या सर्व्हरवर चढवावं, आपले नियम ठेवावेत. हे सगळे सर्व्हर ‘ॲक्टिव्हिटीपब’ नावाच्या एकाच पद्धतीने एकमेकांशी बोलतात. तुमचा सर्व्हर, म्हणजे लेमी डॉट वर्ल्ड, सुरू झाला जून २०२३मध्ये. त्याच महिन्यात, रेडिट या चर्चांच्या मोठ्या साइटने बाहेरच्या ॲप्सवर लावलेल्या शुल्काच्या निषेधार्थ तिथल्या हजारो कम्युनिटी बंद ठेवल्या गेल्या होत्या आणि वैतागलेली मंडळी लेमीवर येत होती. त्यांत संगणकवाले आणि अमेरिकन जास्त. म्हणून तुम्हाला उघडल्या उघडल्या लिनक्स आणि वॉशिंग्टन दिसतं.

आता ‘ऑल’. या नावाने भल्याभल्यांची फसगत होते. ‘ऑल’मध्ये सगळ्या जगातलं सगळं येत नाही. तुमच्या सर्व्हरवरच्या निदान एका माणसाने जी कम्युनिटी सबस्क्राइब केली आहे, तिचंच तिथे येतं. गावातल्या पेपरवाल्याकडे कुणीतरी लावलेलीच मासिकं येतात, तसं. तुमचा सर्व्हर मोठा आहे, त्यामुळे बहुतेक कम्युनिटी कुणी ना कुणी लावलेल्या असतात. पण जास्त मतांच्या पोस्टी वर येत राहतात आणि दिवसाला एखादी पोस्ट पडणारी अळंब्यांची कम्युनिटी तळाला जाते.

म्हणून शोध बाहेरून सुरू करा. ‘लेमीव्हर्स डॉट नेट’ या साइटवर सगळ्या सर्व्हरांवरच्या कम्युनिटींची यादी आहे. तिथे ‘फंगी’, ‘मशरूम’ आणि ‘मायकॉलॉजी’ (म्हणजे अळंबी-बुरशीचं शास्त्र) हे तिन्ही शब्द इंग्रजी स्पेलिंगने घालून पाहा. तिसरा शब्द विसरू नका. जाणकार मंडळी आपल्या कम्युनिटीला शास्त्राचं नाव देतात. यादीत सदस्यसंख्या दिसेल, तिला फार किंमत देऊ नका. २०२३च्या लाटेत धडाधड निघालेल्या आणि आता ओस पडलेल्या कम्युनिटींची सदस्यसंख्या अजूनही फुगलेलीच दिसते. गेल्या महिन्याभरात किती लोक बोलते होते, तो आकडा पाहा.

या शोधात ‘मँडर डॉट एक्सवायझेड’ नावाच्या सर्व्हरवरची ‘मायकॉलॉजी’ भेटेल. तो सर्व्हरच निसर्ग आणि विज्ञान या विषयांसाठी चालवलेला आहे. तुम्ही सुरुवात तिथून करावी असं मला मनापासून वाटतं. नवीन खातं काढायची गरज नाही. कम्युनिटीचा पूर्ण पत्ता, म्हणजे आधी उद्गारचिन्ह, मग तिचं नाव, मग ॲटचं चिन्ह आणि शेवटी सर्व्हरचं नाव, हे सलग लिहून तुमच्याच लेमीच्या सर्चमध्ये टाका. तुमच्या सर्व्हरला ती ठाऊक नसली तरी तो ती शोधून आणतो. अशा वेळी जुन्या पोस्टी मोजक्याच दिसतात आणि त्यांखालची चर्चा नसते. म्हणजे कम्युनिटी मेली असं समजून परत फिरू नका. सबस्क्राइब केल्यावर नवं सगळं येऊ लागतं.

आणखी दोन ठिकाणी हात घाला. सेटिंगमध्ये भाषांची यादी आहे. तिथे तुम्ही हौसेने फक्त मराठी आणि इंग्रजी निवडलं असेल, तर ‘अनडिटरमाइंड’ हाही पर्याय निवडाच. बहुतेक लोक पोस्ट टाकताना भाषा नोंदवतच नाहीत आणि अशा सगळ्या पोस्टी तुमच्यापासून लपून राहतात. दुसरं, पोस्टींच्या क्रमासाठी ‘स्केल्ड’ निवडा. लेमीच्या डिसेंबर २०२३च्या ०.१९ आवृत्तीत आलेली ही सोय छोट्या कम्युनिटींच्या पोस्टींना वर आणते. तुमच्यासारखीला याचा फार उपयोग.

पण मला स्वतःला सर्वांत भरवशाची वाटते ती वाट माणसांवरून जाते. मायकॉलॉजीत कुणी नेमकं, शांतपणे उत्तर दिलेलं दिसलं की त्या नावावर टिचकी मारा. ती व्यक्ती आणखी कुठे कुठे लिहिते ते प्रोफाइलवर दिसतं. अळंबीवाली माणसं शेवाळं, कीटक, मॅक्रो फोटोग्राफी इथेही सापडतात, आणि कोणत्याही यादीने सुचवली नसती अशी कम्युनिटी तुमच्या हाती लागते. एकच पोस्ट दोन-तीन ठिकाणी टाकलेली असली तर तिच्याखाली त्या जागांची नावं येतात; तीही उघडून पाहा.

कम्युनिटी ज्या सर्व्हरवर आहे तो सर्व्हरही पाहावा. बीहॉ नावाच्या सर्व्हरने जून २०२३मध्येच तुमच्या सर्व्हरशी संबंध तोडले, म्हणजे पोस्टींची देवाणघेवाण थांबवली. गर्दीवर लक्ष ठेवणं त्यांना झेपेना. कोण कुणाशी जोडलेलं आहे ते प्रत्येक सर्व्हरच्या तळाशी ‘इन्स्टन्सेस’मध्ये दिलेलं असतं. लेम डॉट ईई हा नावाजलेला सर्व्हर तर जून २०२५अखेर बंदच झाला. म्हणून अधूनमधून सेटिंगमधून ‘एक्स्पोर्ट’ करून ठेवा. सबस्क्राइब केलेल्यांची यादी तुमच्या फाइलमध्ये राहते आणि दुसऱ्या सर्व्हरवर चढवता येते.

स्वतःची कम्युनिटी आत्ता काढू नका. रिकाम्या जागी रोज एकटीने लिहीत राहणं जड जातं. आधी मायकॉलॉजीत फोटो टाका, आणि पहिला टाका तो वारुळावरच्या अळंबीचा. आपल्याला ती दर पावसाळ्याची, पण ही टर्मिटोमायसेस नावाची प्रजाती आफ्रिका आणि आशियातच उगवते, कारण तिला वाळवी पोसते. अमेरिका-युरोपातल्या मंडळींनी ती रानात पाहिलेली नसते. नुसता वरून काढलेला फोटो पुरणार नाही. टोपीचं मधलं टोक, खालचे पडदे, शेजारी एखादं नाणं आणि जमिनीत वाळवीच्या घरापर्यंत गेलेला मुळासारखा देठ, इतकं दाखवा. त्या देठासाठी एकच अळंबी उकरा, बाकीच्या राहू द्यात. आसपास कोणती झाडं होती, पाऊस कधी पडला होता, तेही लिहा. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, मात्र मालवणी नाव जरूर द्या. गावाचं नाव देऊ नका, जिल्हा पुरे. आणि कुणी कितीही खात्रीने ‘ही खाण्याची’ म्हणालं, तरी फोटोवरून दिलेल्या सल्ल्यावर कोणतीही अळंबी खाऊ नका, घरच्यांनाही घालू नका.