निकोटीनने वेदना आणि सूज कमी होते, तर त्याचं औषध का निघालं नाही?

तुम्ही लिहिलंय की मामांनी सिगरेट सोडली, काही महिन्यांत त्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण होण्याचा आजार) निघाला, आणि आता ते 'निकोटीन सूज कमी करतं' असं वाचून पुन्हा ओढायच्या विचारात आहेत. औषधशास्त्रात पीएचडी करताना मी निकोटिनिक रिसेप्टरांवरच (पेशींवरची प्रथिनं, ज्यांना निकोटीन चिकटतं) काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मामांनी वाचलेलं खोटं नाही. हा आजार धूम्रपान करणाऱ्यांत कमी दिसतो आणि सोडल्यावर डोकं वर काढतो, हे जुनं निरीक्षण आहे. 1994 साली निकोटीनच्या पॅचची चाचणी झाली. सहा आठवड्यांत पॅच लावलेल्या 35 पैकी 17 जणांची लक्षणं पूर्ण गेली, नकली पॅचवाल्या 37 पैकी 9 जणांची. पण मळमळ, डोकं हलकं होणं, झोप उडणं असा त्रास पॅचवाल्यांना बराच झाला. आणि पुढच्याच वर्षी, बरे झालेले रुग्ण पॅचवर तसेच बरे राहतात का हे पाहिलं, तेव्हा पॅच आणि नकली पॅच यांत फरक उरला नाही.

वेदनेची गोष्ट मला जास्त चटका लावते. अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचे जॉन डेली यांनी 1970च्या दशकात इक्वेडोरमधल्या एका इवल्याशा बेडकाच्या कातडीतून अर्क काढला. उंदरांत तो वेदना मारण्यात मॉर्फिनच्या सुमारे 200 पट प्रभावी निघाला. मॉर्फिनचा परिणाम नॅलोक्झोन या उताऱ्याने थांबतो, याचा थांबेना. म्हणजे हा ओपिऑइडच्या, मॉर्फिनसारख्या औषधांच्या, वाटेने जात नव्हता. पण हाती आलेला पदार्थ एक मिलिग्रॅमच्याही आत. पिंजऱ्यात वाढवलेल्या बेडकांत तो तयारच होत नसे. रचना उलगडायला 1992 उजाडलं. नाव ठेवलं एपिबॅटिडीन, आणि ते काम करतं निकोटिनिक रिसेप्टरांवर.

अडचण अशी की हा एकच रिसेप्टर नाही. पाच घटक मिळून एक रिसेप्टर बनतो, आणि घटक बदलले की जागा आणि काम बदलतं. मेंदूत आणि मज्जारज्जूत अल्फा4बीटा2 वेदनेचा आवाज कमी करतो. स्वायत्त मज्जासंस्थेतल्या मज्जापेशींच्या गाठींत अल्फा3बीटा4 रक्तदाब आणि आतड्यांची हालचाल सांभाळतो. स्नायूंवर तिसराच प्रकार. एपिबॅटिडीन या सगळ्यांना एकदमच हात घालतं, त्यामुळे दुखणं थांबवणारा डोस आणि झटके आणणारा, श्वास थांबवणारा डोस जवळजवळ चिकटूनच. (त्या बेडकाच्या स्वतःच्या रिसेप्टरात एक अमिनो आम्ल बदललेलं आहे, म्हणून त्याला त्याचं विष बाधत नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दिवसभर दुसरं काही सुचलं नव्हतं.)

मग अॅबॉट कंपनीने त्याच धाटणीचा पण स्नायूंना सोडून अल्फा4बीटा2ला धरणारा रेणू बनवला, एबीटी-594. मधुमेहाने नसा दुखणाऱ्या रुग्णांत तो खरोखर चालला, नकली गोळीपेक्षा वेदना कमी झाली. पण मळमळ, चक्कर, उलट्या, विचित्र स्वप्नं. सर्वात मोठ्या डोसच्या गटातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी चाचणी अर्धवट सोडली, आणि औषध तिथेच थांबलं. वेदना कमी झाली म्हणणाऱ्या त्या रुग्णांचा विचार आला की आजही हळहळ वाटते.

सुजेची वाट वेगळी आहे. केव्हिन ट्रेसी यांच्या गटाने 2000 साली दाखवलं की वेगस नर्व्हला (मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी नस) विजेचे हलके झटके दिले की उंदरांत टीएनएफ हे दाह पेटवणारं प्रथिन कमी बनतं. 2003 मध्ये कळलं की त्यासाठी अल्फा7 रिसेप्टर हवाच; तो रोगप्रतिकारक पेशींवरही असतो. अल्फा7ला जागवणाऱ्या गोळ्या मात्र माणसांत फिक्या पडल्या. वेगसला झटके देणारं, मानेत बसवायचं यंत्र पुढे सरकलं, आणि 2025 मध्ये संधिवातासाठी (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली.

आता मामांबद्दल. सिगरेट पुन्हा सुरू करू देऊ नका. कोलायटिसवर मेसालामिनपासून बायोलॉजिक इंजेक्शनांपर्यंत नीट तपासलेली औषधं आहेत. आणि डॉक्टरांना एक गोष्ट जरूर विचारा: निदान कोलायटिसचंच पक्कं आहे ना, क्रोन्स या आतड्यांच्या सुजेच्या दुसऱ्या आजाराचं नाही ना? दोन्हींची लक्षणं सारखी वाटू शकतात, आणि क्रोन्समध्ये धूम्रपानाने आजार बळावतो.