डन्स म्हणजे ढ, पण आधी कोण?

प्रश्न: नातू सातवीत आहे, इंग्लिश मीडियमला. परवा वर्गात टीचर एका मुलाला 'डन्स' म्हणाल्या. घरी येऊन मला विचारतो, आजी डन्स म्हणजे काय? मी म्हटलं अरे, आपला 'ढ'. तर म्हणतो, ज्याला येत नाही त्या मुलाला सगळ्या भाषांत नावं आहेत, ज्यांना शिकवता येत नाही त्या सरांना का नाही? मी गप्पच बसले. आहे का हो असा एखादा शब्द?
— एक आजी, सांगली

उत्तर: आजी, नातवाला आधी एक लाडू द्या. कारण गंमत अशी आहे की ज्या शब्दावरून त्यानं हे विचारलं ना, तोच तो शब्द. डन्स ही शिवी निघाली तेव्हा ती पोरांसाठी नव्हतीच, मास्तरांसाठी होती.

मुळात डन्स हे गावाचं नाव. स्कॉटलंडच्या दक्षिणेला, इंग्लंडच्या सीमेजवळ आजही आहे ते गाव. तिथला जॉन, म्हणून जॉन डन्स, आणि स्कॉटलंडचा म्हणून पुढे स्कोटस. फ्रान्सिस्कन पंथाचा साधू, 1291 मध्ये धर्मगुरू झाला, ऑक्सफर्डला शिकवलं, पॅरिसला शिकवलं, 1303 मध्ये फ्रान्सचा राजा आणि पोप यांच्या भांडणात राजाच्या बाजूनं उभं राहायला नकार दिला म्हणून तिथून हाकलला गेला, परत आला, आणि शेवटी जर्मनीत कोलोनला शिकवत असताना 1308 मध्ये वारला. चाळिशी जेमतेम ओलांडली असेल. डोकं इतकं तल्लख की लोक त्याला 'सूक्ष्म पंडित' म्हणायचे. म्हणजे ज्याच्या नावावरून जगातल्या मठ्ठ पोरांना हाक मारतात तो माणूस स्वतः आपल्या काळातल्या सगळ्यात हुशार दहा जणांत बसला असता.

मग बिघडलं कुठे? तर त्याच्या मागून आलेल्यांनी. दोनशे वर्षं विद्यापीठांत त्याच्या ग्रंथांवर भाष्य, भाष्यावर टीका, टीकेवर टिपण असं चाललं होतं, आपल्याकडे घटापटाची खटपट म्हणतात ना, अगदी तोच प्रकार, शब्दाचा कीस काढत बसायचं आणि समोरच्या पोराला काही कळलं की नाही याच्याशी देणंघेणं नाही. सोळाव्या शतकात ग्रीक आणि हिब्रू शिकून मूळ ग्रंथच वाचू म्हणणारी नवी मंडळी आली, तेव्हा हे जुने डन्सवाले चर्चमधून त्या भाषांच्याच विरोधात ओरडायला लागले. बायबल इंग्रजीत आणणारा विल्यम टिंडेल या डन्सवाल्यांना 'डन्सचे चेले', 'अंधाराची लेकरं' असं म्हणतो, भुंकणारी कुत्री पण म्हणतो, फार सभ्य भाषा नव्हती त्या काळच्या विद्वानांची. तर डन्समॅन म्हणजे स्वतः नवं शिकणार नाही आणि दुसऱ्याला धड शिकवणार नाही असा मास्तर. शिवीचा हा पहिला अर्थ.

आता एक प्रसंग सांगते, तो मला फार आवडतो. सप्टेंबर 1535. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री, त्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल, त्याचा माणूस रिचर्ड लेटन ऑक्सफर्डची तपासणी करायला गेला. जुनं शिक्षण बंद, ग्रीक आणि लॅटिनची व्याख्यानं सुरू असे हुकूम दिले आणि क्रॉमवेलला पत्र लिहिलं की आम्ही डन्सला बोकार्डोत टाकलंय. बोकार्डो हा ऑक्सफर्डच्या उत्तर वेशीवरचा तुरुंग, आणि गंमत म्हणजे तर्कशास्त्रात पोरांना जे अनुमानाचे प्रकार घोकायला लावायचे त्यातल्या एकाचं नावही बोकार्डो! म्हणजे बिचाऱ्या डन्सला त्याच्याच तर्कात कोंडला. पुढे लिहितो की डन्सच्या ग्रंथांची पानं आता संडासात खिळ्याला टांगलीत. आणि दुसऱ्यांदा न्यू कॉलेजला गेला तर काय बघतो, कॉलेजचं भलंमोठं चौकोनी अंगण त्या फाटक्या पानांनी भरलेलं, वारा ती कोपऱ्याकोपऱ्यात उडवतोय, आणि बकिंगहॅमशरचा कोणी ग्रीनफिल्ड नावाचा गृहस्थ त्यातली गोळा करतोय. कशाला, तर जंगलात बुजगावण्यासारखी टांगायला, म्हणजे हरणं बिचकून बाहेर जाणार नाहीत आणि याच्या कुत्र्यांना शिकार सोपी. दोनशे वर्षं लोकांनी ज्याच्यावर डोकं झिजवलं त्याचं हे झालं. पुस्तकं फाडणं मला तरी पटत नाही, मास्तर कंटाळवाणे असले म्हणून ग्रंथाचा काय दोष? पण लेटन पत्रात चक्क खुशीत आहे.

यानंतर शब्द हळूहळू सरकत गेला. 1578 साली जॉन लिलीच्या पुस्तकात एक वाक्य आहे, त्याचा अर्थ असा की मुलगा मंदबुद्धीचा असला तर त्याला डोल्ट म्हणतात आणि अभ्यासू असला तर डन्स म्हणतात. बघा, इथे डन्स म्हणजे पुस्तकी किडा, मठ्ठ नाहीच! मग पुस्तकी किडा, म्हणजे व्यवहारात शून्य, म्हणजे डोक्यात काही न शिरणारा, असं करत करत शब्द पार उलटा झाला आणि मास्तरांच्या खुर्चीवरून उठून शेवटच्या बाकावर जाऊन बसला. वर्गात शिव्या द्यायचा अधिकार कोणाकडे असतो ते बघितलं की यात आश्चर्य वाटत नाही.

आणि ती कोनासारखी टोपी. व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरतो की डन्स स्कोटस स्वतःच उंच टोपी घालायला सांगायचा, त्यानं ज्ञान डोक्यात उतरतं वगैरे. त्याला पुरावा काही नाही, पुढे पाठवू नका. डिकन्सच्या 1840 च्या एका कादंबरीत गावच्या शाळेचं वर्णन आहे, त्यात एका छोट्या फळीवर ही टोपी एकटीच ठेवलेली असते, जुन्या वर्तमानपत्रांची केलेली, वर भडक रंगाच्या मोठ्या चकत्या चिकटवलेल्या. म्हणजे रद्दीच, पण यावेळी पोराच्या डोक्यावर.

तसा वाईट शिकवण्याला इंग्रजीत अजून एक मस्त शब्द होता, जेरंड-ग्राइंडर. अठराव्या शतकातला, लॅटिनचं व्याकरण घोटून घेणाऱ्या मास्तरांसाठी. जेरंड म्हणजे धातुसाधित नाम, ग्राइंडर म्हणजे दळणारा. आपण 'दळण दळतात' म्हणतो तेच. आता कोणी वापरत नाही, पण नातवाला सांगून ठेवा, शाळेत मात्र मोठ्यानं म्हणू नकोस म्हणावं.

आणि आपला ढ? त्याचं असं सांगतात की ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत बाकीची अक्षरं बदलत गेली, ढ मात्र अशोकाच्या काळी होता जवळपास तसाच राहिला. इतकी वर्षं एकाच वर्गात! आता तो बदलला नाही यात त्याची चूक की त्याला शिकवणाऱ्यांची, हे नातवालाच विचारा, आणि काय म्हणाला ते मला कळवा.