अकरावीला गणित ठेवायचं, पण पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) घ्यायचंच का? इंदूरच्या एका आईच्या पत्राला उत्तर

सौ. ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी ते आधी थोडक्यात सांगते. तुम्ही राजेंद्र नगरात राहता. मुलीचे बाबा पीथमपूरच्या एका कारखान्यात इंजिनियर आहेत. मुलगी सीबीएसईची दहावी झाली: गणित (स्टँडर्ड, म्हणजे दोन पातळ्यांपैकी वरची) ९१, विज्ञान ७८, सामाजिक शास्त्र ९५. तिला अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि गणित घ्यायचंय. बाबांचं म्हणणं, "पीसीएम घे, पुढे त्यातून कुठेही जाता येतं, उलटं येता येत नाही." शाळा सांगते, ह्युमॅनिटीजबरोबर (म्हणजे आर्ट्सबरोबर) गणित टाइमटेबलमध्ये बसत नाही. पुढे महाराष्ट्रात प्रवेश सोपे जातील म्हणून पुण्याच्या मावशी अकरावीला तिकडेच पाठवा म्हणतात. गीता भवनजवळच्या जेईईच्या (इंजिनियरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या) एका क्लासने पंधरा दिवसांत पूर्ण फी भरली तर सवलत देऊ केली आहे, आणि शाळेत रोज जायची गरज नाही असंही सांगितलंय. शेवटी तुम्ही विचारता, सहावा विषय घ्यावा का.

माझं मत आधीच सांगते. गणित सोडू देऊ नका. फिजिक्स-केमिस्ट्री सोडायला हरकत नाही. पुण्याला पाठवू नका, आणि क्लासची फी आत्ता भरू नका.

बाबांच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते. विज्ञान शाखेतून कुठेही जाता येतं हे खरं. पण फिजिक्स आणि केमिस्ट्री नाही घेतली तर नेमकं काय काय हातचं जातं, हे घरात कुणी कागदावर लिहून काढलंय का? इंजिनियरिंग जातं, कारण बी.टेक.ला फिजिक्स आणि गणित दोन्ही लागतात. आर्किटेक्चर जातं, तिथेही हे दोन्ही विषय हवेत. एनडीएमधून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, वायुदल आणि नौदल जातं, कारण त्यांना बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित तिन्ही लागतात. भूदलासाठी मात्र कोणत्याही शाखेची बारावी चालते, आणि २०२१ पासून मुलींनाही एनडीएची परीक्षा देता येते. फिजिक्स-केमिस्ट्रीतली बी.एस्सी. जाते. मेडिकलचा प्रश्न तुमच्याकडे नाहीच, कारण बायोलॉजी कुणाच्याच मनात नाही.

मोठे रस्ते म्हणाल तर एवढेच. हा कागद मुलीसमोर ठेवा आणि विचारा, "यातलं एखादं गेलं तर तुला हळहळ वाटेल का?" ती म्हणाली, "हो, आर्किटेक्चर आवडतं मला," तर माझं पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि पीसीएम घ्या. खांदे उडवून "नाही" म्हणाली, तर जे तिला नकोच आहे ते जपण्यासाठी तिची दोन वर्षं घालू नका. तुमच्या पत्रावरून मला वाटतं ती खांदेच उडवेल. बजेटच्या दिवशी शाळेतून आल्याबरोबर पेपर घेऊन बसणारी, आजोबांशी महागाईच्या आकड्यांवरून वाद घालणारी मुलगी, असं तुम्हीच लिहिलंय.

विज्ञानात ७८ हे कमी मार्क नव्हेत. पण दहावीचं विज्ञान आणि अकरावीचं फिजिक्स यांत मोठं अंतर आहे. अकरावीत पहिल्याच महिन्यात सदिश (व्हेक्टर) आणि कॅल्क्युलसची भाषा सुरू होते, आणि आवड नसेल तर दिवाळीपर्यंत मूल मागे पडतं. मग ट्यूशन लागते, ट्यूशनमुळे गणिताचा वेळ जातो, आणि जे तिचं बलस्थान तेच कच्चं होतं. हुशार मुलांच्या बाबतीत हे होताना मी पाहिलंय, आणि ते बघताना फार वाईट वाटतं. ती मुलं बारावीनंतर अर्थशास्त्राकडे येतात तीसुद्धा दमलेली, आणि आपल्याला काही जमत नाही असं धरून बसलेली.

आता गणिताबद्दल. इथे मी बाबांच्या बाजूची आहे, आणि आर्ट्सला गणित कशाला असं तुम्हाला सांगणाऱ्या शेजाऱ्यांच्या अगदी विरुद्ध. अर्थशास्त्र पुढे शिकायचं तर गणितावाचून चालत नाही. दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स इकॉनॉमिक्सला जायचं तर सीयूईटी या विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर द्यावा लागतो. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी.स्टॅट.ला (संख्याशास्त्राच्या पदवीला) बारावीला गणित आणि इंग्रजी हवं असतं, फिजिक्स मागत नाहीत. सीए करायचं मनात आलं तर फाउंडेशन या पहिल्या परीक्षेच्या चार पेपरांपैकी एक क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूडचा असतो, त्यात व्यावसायिक गणित आणि संख्याशास्त्र आहे. बारावीला गणित न घेतलेली कॉमर्सची मुलं याच पेपरला अडखळतात.

बाबांना एक गोष्ट मुद्दाम सांगा. ते रोज पीथमपूरला जातात त्या राऊ-पीथमपूर रस्त्यावरच आयआयएम इंदूर आहे. तिथे २०११ पासून बारावीनंतरचा पाच वर्षांचा आयपीएम हा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम चालतो. कोणत्याही शाखेचं मूल त्याला बसू शकतं, पण प्रवेश परीक्षेतला मोठा भाग गणिताचा असतो, आणि ते दहावीच्या पातळीवर थांबत नाही. देशभरातली मुलं त्यासाठी इंदूरला येतात. इंजिनियरिंगचं नाव न घेताही आपल्या शहरात मुलीसाठी काय आहे, हे त्यांनी एकदा नीट पाहावं असं मला मनापासून वाटतं. शिवाय देवी अहिल्या विश्वविद्यालयाचं स्वतःचं स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आहे, आणि या विद्यापीठाच्या विभागांतले अनेक प्रवेश २०२२ पासून सीयूईटीवरून होतात. कायद्याकडे वळली तर क्लॅट या प्रवेश परीक्षेलाही शाखेची अट नाही, आणि भोपाळचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ तीन-साडेतीन तासांवर आहे. यूपीएससी किंवा एमपीपीएससी म्हणाल तर तिथे पदवी लागते, बारावीची शाखा कुणी विचारत नाही.

सीबीएसईत गणिताचे दोन प्रकार आहेत, ते नीट समजून घ्या. एक नेहमीचं मॅथेमॅटिक्स. दुसरं अप्लाइड मॅथेमॅटिक्स, जे २०२०-२१ पासून अकरावी-बारावीला आलं. अप्लाइडमध्ये निर्देशांक, कालश्रेणी, कर्जाचे हप्ते, संभाव्यता असं बरंच काही आहे, आणि तुमच्या मुलीला ते आवडेलही. पण ज्या ठिकाणी नुसतं "मॅथेमॅटिक्स" अशी अट लिहिलेली असते, तिथे अप्लाइड चालेलच असं नाही, प्रत्येक विद्यापीठाचा नियम वेगळा असतो. ९१ मार्क असलेल्या मुलीने नेहमीचं गणितच घ्यावं. तिने दहावीला स्टँडर्ड घेतलं होतं, त्यामुळे त्यात अडचण येणार नाही.

आता शाळा. सीबीएसई स्वतः विषयांची जोडी ठरवून देत नाही. पाच विषय हवेत, त्यात भाषा हवी, बाकी जुळवाजुळव शाळेकडे कोणते शिक्षक आणि किती तासिका आहेत यावर असते. म्हणजे "बसत नाही" हा बोर्डाचा नियम नव्हे, शाळेची अडचण आहे, आणि अडचणीवर बोलता येतं. प्रिन्सिपल मॅडमना लेखी अर्ज द्या, आणि मुलीला बरोबर न्या. अर्जात एवढंच विचारा, की इंग्रजी, गणित, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि आणखी एक विषय असं देता येईल का, आणि अशी मागणी करणारी आणखी किती मुलं आहेत. तीन-चार पालक एकत्र गेले तर शाळा गणिताची तासिका हलवून देते, असं पुष्कळदा होतं. नाहीच म्हणाले तर आसपासच्या दोन-तीन शाळांत चौकशी करा. अशी जोडी देणारी शाळा इंदूरमध्ये मिळू शकते, थोडं फिरावं लागेल.

कुठेच जमलं नाही तर? मग कॉमर्स विथ मॅथ्स घ्या: अकाउंट्स, बिझनेस स्टडीज, अर्थशास्त्र, गणित, इंग्रजी. गणित नसलेल्या ह्युमॅनिटीजपेक्षा मी हेच निवडेन, जरी तिचा जीव राज्यशास्त्रात असला तरी. राज्यशास्त्र ती पदवीला पहिल्यापासून शिकू शकते, तिथे मागचं काही अडत नाही. गणिताचं तसं नसतं. अकरावीची मर्यादा (लिमिट) आणि विकलज (डेरिव्हेटिव्ह) सुटली की बारावीचं संकलन (इंटिग्रेशन) डोक्यावरून जातं, आणि दोन वर्षांचा खंड पडल्यावर स्वतःच्या बळावर परत यायला फार जिद्द लागते.

बाबा अगदीच ऐकत नसतील तर एक मधला मार्ग आहे: फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, इंग्रजी, आणि पाचवा विषय कॉम्प्युटरऐवजी अर्थशास्त्र. बऱ्याच शाळा हे देतात. मुलगी स्वतःच गोंधळलेली असती तर मी हेच सुचवलं असतं. पण ती गोंधळलेली नाही. गोंधळ मोठ्यांचा आहे.

तरी खात्री करून घ्यायची असेल तर दोन आठवडे हे करून बघा. एनसीईआरटीची अकरावीची पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. फिजिक्सचं एक प्रकरण आणि अर्थशास्त्रातल्या संख्याशास्त्राचं एक प्रकरण तिला स्वतःच वाचू द्या, शेवटचे प्रश्न सोडवू द्या. क्लास नको, यूट्यूब नको. उत्तरं चुकली तरी चालतील. कोणतं पुस्तक ती न सांगता पुन्हा उघडते ते बघा, आणि बाबांनाही बघू द्या. तिला मुळीच समजावत बसू नका.

पुण्याच्या मावशींचा हेतू चांगला आहे, पण त्यांनी दिलेली कारणं तपासून घ्या. महाराष्ट्राच्या मेडिकल कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, आणि तिची दहावी इंदूरची आहे. उद्या तिने इंजिनियरिंगचं ठरवलंच तर एनआयटी या केंद्र सरकारच्या इंजिनियरिंग संस्थांतल्या निम्म्या जागा त्या राज्याच्या मुलांसाठी असतात, आणि राज्य ठरतं बारावी कुठून केली त्यावरून. म्हणजे पुण्याहून बारावी केली तर भोपाळच्या एनआयटीचा गृहराज्याचा लाभ जातो आणि नागपूरचा मिळतो. हा अदलाबदलीचा व्यवहार बऱ्याच इंदूरकरांना प्रवेशाच्या वेळीच कळतो. शिवाय बोर्ड बदलणार, घर बदलणार, मैत्रिणी सुटणार. सोळाव्या वर्षी एवढं सगळं एकदम अंगावर घालायला काहीतरी ठोस कारण हवं, आणि तुमच्या पत्रात मला ते दिसलं नाही.

क्लासबद्दल मी स्पष्ट बोलते. शाळेत न जाता फक्त नाव ठेवायचं, हा प्रकार धोक्याचा आहे. बोर्डाच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, आणि अशी डमी मुलं ठेवणाऱ्या शाळांची मान्यता सीबीएसईने काढून घेतलेली आहे. शाळेचं नाव गेलं तर भोगावं मुलांना लागतं. फीचं म्हणाल तर केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत मूल मधेच सोडून गेलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी असं म्हटलंय. क्लासवाल्यांना विचारा, हे पावतीवर लिहून द्याल का. त्यांच्या उत्तरावरून तुम्हाला पुरेसं कळेल. आणि विषयच ठरलेले नसताना जेईईची फी भरली, तर पुढे विषय त्या फीकडे बघून ठरतील. पैसे गेलेत म्हणून फिजिक्स घेतलं, असं मला नको आहे.

एक दिलासा. काही सुटलंच तर कायमचं सुटलं असं नसतं. बारावीनंतर एखादा जादा विषय एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) देता येतो, आणि राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३ मध्ये बारावीनंतर जादा विषय म्हणून दिलेली बायोलॉजीसुद्धा नीट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी ग्राह्य धरली. वेळ जातो, पण रस्ता असतो.

सहाव्या विषयाबद्दल. ह्युमॅनिटीजबरोबर गणित मिळालं तर घेऊ नका, पाच पुरेत. कॉमर्स विथ मॅथ्सवर यावं लागलं आणि शाळा शिकवायला तयार असेल, तर राज्यशास्त्र सहावं घ्या. पाचांपैकी एखाद्या विषयात गडबड झाली तर सहावा त्या जागी धरता येतो, हा फायदा आहे. पण अकाउंट्स तिला नवं असेल, त्यामुळे पहिले तीन महिने कसे जातात ते बघा, आणि जड वाटलं तर सहावा विषय कधीपर्यंत सोडता येईल हे प्रवेशाच्या वेळीच ऑफिसात विचारून ठेवा. अकरावीला घेतलेले विषय बारावीपर्यंत तेच राहतात, मधे बदल अपवादानेच मिळतो, म्हणून ही तारीख विचारायला विसरू नका. प्रिन्सिपल मॅडम काय म्हणाल्या ते मला कळवा. त्यांनी नकार दिला तर तो लेखी मागून घ्या, म्हणजे दुसऱ्या शाळेत जाताना तुम्हाला नेमकं काय हवंय ते एका कागदावर दाखवता येईल.