भारताने १९७१ मध्ये बांगलादेशला मान्यता द्यायला जवळजवळ आठ महिने का लावले?

मान्यतेसाठी आधी सरकारच्या ताब्यात मुलूख लागतो. १७ एप्रिलला शपथ घेतलेलं बांगलादेशचं हंगामी सरकार, म्हणजे मुजीबनगर सरकार, चालत होतं कलकत्त्याच्या ८, थिएटर रोडवरून. त्याचे राष्ट्रपती शेख मुजीब पाकिस्तानी तुरुंगात. अशा सरकारला लगेच मान्यता देणं म्हणजे ‘भारतानेच पाकिस्तान फोडला’ या आरोपाला आयता पुरावा. ३१ मार्चचा संसदेचा ठराव वाचा: सहानुभूती आहे, पाठिंबा आहे, पण उल्लेख ‘बांगलादेश’ नव्हे, ‘पूर्व बंगाल’ असाच. अडवला होता तो फक्त मान्यतेचा कागद; मुक्तिवाहिनीला, म्हणजे बंगाली स्वातंत्र्यसैनिकांच्या फौजेला, शस्त्रं, प्रशिक्षण मिळतच होतं. ९ ऑगस्टला सोव्हिएत युनियनशी मैत्रीचा करार झाला, म्हणजे पाठीशी एक महासत्ता आली. ३ डिसेंबरला पाकिस्तानने हवाई हल्ले केले, मग तो आरोप टाळून जपायचं काय उरलं? ६ डिसेंबरला मान्यता दिली. ढाका मात्र पडलं १६ला, म्हणजे मुलूख ताब्यात असण्याच्या निकषावर भारत शेवटी फारसा अडून बसला नाहीच.