जिवंत किड्यांचं स्टॅकिंग: रेल राहू द्या, डिफ्यूझरकडे बघा

माशीचा डोळा स्पष्ट आला की पाय धूसर होतात, हाताशी १८-५५ आणि ५५-२५० या दोनच लेन्स आहेत, तर मॅक्रो लेन्स आणि रेल (कॅमेरा थोडा थोडा पुढे सरकवणारी पट्टी) नसताना स्टॅकिंग, म्हणजे फोकस सरकवत काढलेल्या अनेक फ्रेम जोडून एक पूर्ण स्पष्ट फोटो करणं, जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जमेल. जिवंत किड्यांसाठी रेल तर घेऊच नका. ती जुळवेपर्यंत किडा उडून गेलेला असतो.

एपीएस-सी सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान) १:१ ला, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ ठेवलं तर जेमतेम ०.६ मिमी भाग स्पष्ट येतो, २:१ ला (दुप्पट आकारात) पाव मिमी. एफ/२२ करून उपयोग नाही, कारण १:१ ला ते प्रत्यक्षात एफ/४४ च्या जवळपास जातं आणि डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळाच फोटो मऊ पडतो. म्हणून एफ/८ वरच थांबा आणि फ्रेम वाढवा.

५५-२५० च्या पुढे रेनॉक्स डीसीआर-२५० ही क्लोज-अप लेन्स (लेन्सवर बसवायचं भिंग) लावा. ती ८ डायॉप्टरची (भिंगाची ताकद) आहे, म्हणजे २०० मिमीला, फोकस इन्फिनिटीवर असताना, सुमारे १.६ पट मोठं दिसतं आणि किड्यापासून १२ सेमी लांब राहता येतं. १८-५५ रिव्हर्स रिंगने उलटी लावणं आणखी स्वस्त, पण अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यातून बदलता येत नाही आणि किड्याच्या अगदी अंगावर जावं लागतं. उलटी लावायचीच तर अ‍ॅपर्चर रिंग असलेली जुनी ५० मिमी शोधा.

खरी मेहनत घ्यायची ती उजेडावर. फ्लॅश मॅन्युअलवर, १/१६ किंवा त्याहून कमी. झोत इतका क्षणिक असतो की हात हलल्याचं दिसत नाही, आणि बर्स्टमध्ये, म्हणजे सलग फोटो घेताना, फ्लॅश दमत नाही. डिफ्यूझरला, म्हणजे फ्लॅशचा उजेड मऊ करणाऱ्या पडद्याला, पॅकिंगमधला पांढरा फोम किंवा ट्रेसिंग पेपर पुरतो, फक्त तो मोठा हवा आणि किड्याच्या जवळ हवा. भुंग्याच्या पाठीवर पांढरा टणक ठिपका दिसला तर डिफ्यूझर लहान पडतोय. कडा विरघळलेला मोठा पट्टा दिसला तर काम झालं.

पहाटे जा. ऊन अंगावर येईपर्यंत किडे गार असतात, जागचे हलत नाहीत. डाव्या हाताच्या बोटांत काडी धरा आणि त्याच हातावर लेन्स टेकवा. मग वारा आला तरी काडी आणि कॅमेरा एकत्रच हलतात. फोकस मॅन्युअल ठेवून मिशीच्या टोकाच्या जरा अलीकडून सुरुवात करा आणि बर्स्ट चालू ठेवून अंग हळूहळू पुढे झुकवा. लगेच दोनतीनदा तेच करा. मधली एक फ्रेम हुकली तर तिथे धूसर पट्टा राहतो आणि तो कुठलंच सॉफ्टवेअर भरून देत नाही.

फ्रेम जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पिकोले फुकट आहे, सुरुवातीला पुष्कळ झालं. पुढे झेरीन स्टॅकर घेतलंत तर त्यात जोडणीच्या दोन पद्धती आहेत: पीमॅक्स केसांना आणि एकमेकांवरून गेलेल्या पायांना चांगलं, पण नॉइज वाढवतं. डीमॅप रंग जपतं, पण कडांना धूसर वलय आणतं. मी डीमॅपचा फोटो पाया धरून केस तेवढे पीमॅक्समधून रंगवून घेतो. मिशी हलली असेल तर ती एकाच फ्रेममधून घ्या.

किडा फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करण्याचा सल्ला कुणी दिला तर कृपया ऐकू नका. फोटोसाठी त्याचा जीव धोक्यात घालणं मला अजिबात मान्य नाही. शंभर फ्रेमचा स्टॅक करायचाच असेल तर खिडकीत मरून पडलेली माशी घ्या, आणि रेलचा विचार तेव्हा करा.