घरावर झुकलेलं चिंचेचं झाड कापायला भरवशाचा माणूस कसा शोधायचा?

आधी परवानगीचं पाहा. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत चिंच आहे. सागवान, मोह, आंबा, जांभूळही आहेत. स्वतःच्या जागेतलं असलं तरी अर्ज करावाच लागतो. सातबारा घेऊन जवळच्या वनविभागाच्या कार्यालयात जा. "कागदाचं मी पाहतो, तुम्ही फक्त हो म्हणा" असं म्हणणारा ठेकेदार तिथूनच परत पाठवा. प्रकरण अंगाशी आलं तर विचारणा जमीनमालकाला होते.

आपल्याकडे खेड्यात कंपनी वगैरे नसते. आरा मशीनवर विचारा, कोण टोळी घेऊन येतो ते त्यांना ठाऊक असतं. मग त्यानं आधी कापलेलं, घराला लागून असलेलं एखादं झाड कुठं होतं ते विचारून त्या घरी स्वतः जाऊन या. कवेलू फुटले का, भिंतीला धक्का लागला का, घरचे लोक खरं सांगतात.

माणूस पाहायला आला की त्याची नजर कुठं जाते ते बघा. जाणकार बुंध्यावर ठोकून पोकळ आहे का पाहतो, विजेची तार किती दूर ते पाहतो आणि घराकडच्या फांद्या दोर बांधून वरूनच एकेक उतरवू म्हणतो. थेट बुडाला आरी लावू म्हणणारा नको. तार जवळ असेल तर लाइनमनकडून लाइन बंद करवूनच काम सुरू करा.

लाकूड कोणाचं, बुड कोण काढणार, हे कागदावर लिहून घ्या. चिंचेच्या लाकडाला भाव आहे, म्हणून दोन-तीन जणांना विचारूनच सौदा ठरवा. पूर्ण पैसे आधी देऊ नका. आणि हे सगळं मृगाच्या आधी उरका.