वाचक विचारतात : परेड, सावली आणि हस्तलिखित

(या महिन्यात माध्यमिक शाळांतील सहशालेय उपक्रमांविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.)

प्रश्न : माझी मुलगी यंदा आठवीत गेली असून तिच्या शाळेत एन.सी.सी. आहे. तिला त्यात जायचे आहे आणि चित्रकलेच्या ग्रेड परीक्षाही द्यायच्या आहेत. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, परेड करून अभ्यास बुडतो, आणि करायचेच असेल तर ज्याचे दहावीला गुण मिळतात तेवढेच करावे. शिवाय एन.सी.सी. केली की सैन्यात सहज प्रवेश मिळतो, हे खरे आहे का? — एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिच्यावरून घरोघरी गैरसमज होतात. शाळेत मिळते ते ‘ए’ प्रमाणपत्र. सैन्यातील अधिकारीपदासाठी लेखी परीक्षेशिवाय थेट निवड मंडळाच्या मुलाखतीपर्यंत नेणारी जी विशेष योजना आहे, ती महाविद्यालयात पुढची वर्षे पूर्ण करून ‘सी’ प्रमाणपत्र मिळवलेल्या पदवीधरांसाठी आहे. बारावीनंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जायचे असेल तर लेखी परीक्षा सर्वांनाच द्यावी लागते. तेव्हा आठवीतल्या मुलीने सैन्याच्या आशेवर नव्हे, तर तिला ते करावेसे वाटते म्हणून एन.सी.सी. घ्यावी.

अभ्यासाच्या दृष्टीने पाहिले, तर आठवी हेच प्रवेशाचे योग्य वर्ष आहे, कारण अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो आणि नववीअखेर तो संपून दहावी मोकळी राहते. ‘ए’ प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसण्यासाठी 75 टक्के परेडना हजेरी आणि एक शिबिर आवश्यक असते. आपल्या घरी खरी अडचण येईल ती या शिबिराची, कारण मुलगी दहाएक दिवस घराबाहेर राहणार, हे आजीआजोबांना आधीच सांगून ठेवलेले बरे. परेडच्या आदल्या संध्याकाळी बूट पॉलिश करणे, बक्कल ब्रासोने घासणे आणि गणवेशाला कडक इस्त्री करणे ही कामे तिची तिलाच करू द्यावीत. आई इस्त्री करून देते आणि मुलगी परेडला जाते, असा प्रकार मी पुष्कळ पाहिला आहे. त्यात मुलीच्या हाती निम्मेच लागते.

चित्रकलेच्या बाबतीत गुणांचा हिशेब सरळ आहे. एलिमेंटरीनंतर द्यावयाच्या इंटरमिजिएट परीक्षेत ‘ए’ श्रेणी मिळाल्यास दहावीला 7, ‘बी’ला 5 आणि ‘सी’ला 3 वाढीव गुण मिळतात. सात गुणांसाठी वर्षभर स्थिरचित्राशी झटापट करायची, तर मुळात रंगांची ओढ असली पाहिजे. ती नसेल तर तेवढाच वेळ बीजगणिताला दिल्यास सातापेक्षा अधिक गुण पदरात पडतात. आपल्या मुलीला दोन्हींची ओढ दिसते, म्हणून दोन्ही करू द्यावे. मात्र त्यांत तिसऱ्या कशाची भर घालू नये.

प्रश्न : मी पुणे जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत दोन वर्षांपासून विज्ञान शिकवते. यंदा विज्ञान मंडळ माझ्याकडे आले आहे. आजवर मंडळ म्हणजे जुलैत उद्घाटन, 28 फेब्रुवारीला प्रदर्शन आणि त्या दोन दिवसांची छायाचित्रे, एवढेच होते. निधी नाही आणि प्रयोगशाळा जेमतेम आहे. मंडळ खरोखर चालवायचे तर काय करावे? — एक शिक्षिका

उत्तर : उद्घाटन या वर्षी करूच नका, अशी माझी पहिली आगाऊ सूचना आहे. पाहुणे, नारळ आणि हारतुरे यांत जी शक्ती जाते, ती पहिल्या महिन्यातच मंडळाला दमवून टाकते. त्याऐवजी दहाबारा मुले निवडा आणि वर्षभर एकच काम हाती घ्या.

मी सुचवेन ते काम काठीच्या सावलीचे आहे. एक मीटर लांबीची सरळ काठी मैदानाच्या सपाट कोपऱ्यात ओळंबा लावून उभी करावी. दर शनिवारी बारा ते एक या वेळेत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी आणि सर्वांत आखूड सावली कोणत्या वेळी पडली व ती किती सेंटिमीटर होती, हे वहीत लिहावे. मुले ठामपणे सांगतील की सावली बरोबर बारा वाजता सर्वांत आखूड असते. पण तसे होत नाही. पुण्यात ती वेळ सरासरी साडेबाराच्याही थोडी पुढे येते, कारण आपले घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावर चालते आणि पुणे त्याच्या पश्चिमेस साडेआठ अंशांहून थोडे अधिक आहे. एका अंशाला चार मिनिटे, एवढे गणित आठवीचा मुलगा फळ्यावर करू शकतो. मात्र ते आपण सांगू नये. घड्याळ चुकले, काठी वाकडी आहे, खूण उशिरा केली, असे सगळे आरोप मुलांना एकमेकांवर करू द्यावेत.

दिवाळीच्या सुमारास दुसरे आश्चर्य समोर येईल. नोव्हेंबरच्या आरंभी ही वेळ 12 वाजून 18 मिनिटांच्या आसपास असते, तर फेब्रुवारीच्या मध्यास ती 12 वाजून 49 मिनिटांच्या जवळ जाते. पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा आणि तिचा कललेला आस ही याची कारणे आहेत. पाठ्यपुस्तकातील ती आकृती आपल्या वहीत अर्ध्या तासाच्या फरकाने उतरलेली पाहणे हा अनुभव वेगळाच असतो. सावलीची लांबीही 22 डिसेंबरला सुमारे 90 सेंटिमीटर आणि 21 मार्चला जेमतेम 33 सेंटिमीटर भरेल. सूर्य डोक्यावर येऊन सावली नाहीशी होण्याचा दिवस पुण्यात मेच्या मध्यास येतो, पण तेव्हा शाळेला सुट्टी असते. जुलैअखेर तो पुन्हा येतो, तेव्हा बहुधा ढग असतात. सुट्टीत घराच्या गच्चीवरून कोणी तो टिपला, तर जूनमध्ये त्याच्या वहीसाठी वेगळा तास ठेवावा.

28 फेब्रुवारीला प्रदर्शन अवश्य भरवा. रामन परिणामाच्या शोधाचा तो दिवस आहे. त्या दिवशी थर्मोकोलच्या प्रतिकृतींऐवजी या वह्या टेबलावर मांडा आणि त्यांतील खाडाखोड तशीच ठेवा. मुख्याध्यापकांना छायाचित्र हवेच असेल, तर काठीचे काढून द्या. खर्चाचे म्हणाल, तर ओळंबा गवंड्याकडून उसना मिळतो.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या शाळेचे हस्तलिखित काही वर्षे बंद आहे. आम्ही पाच जण ते पुन्हा काढणार आहोत. टाइप करून छापावे, की हातानेच लिहावे? — एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : हातानेच लिही. छापील अंकाला पैसे लागतात, पैशांसाठी जाहिराती लागतात, आणि मग पहिल्या पानावर कोणाचे छायाचित्र घ्यायचे यावरून शिक्षकांची बैठक बसते. हस्तलिखिताची एकच प्रत असते आणि ती वाचनालयात येऊन वाचावी लागते. पाच जणांपैकी ज्याचे अक्षर सुवाच्य आहे, त्याच्याकडे संपादन देऊ नका, कारण दोन्ही कामे एकाच्या अंगावर पडली की अंक रखडतो. लेख देण्याची शेवटची तारीख सहामाही परीक्षेच्या आधीची ठेवा. प्रत्येक पानाच्या डावीकडे दीड इंच जागा सोडायला लिहिणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगा. आमच्या एका अंकात ती सुटली नाही, आणि बाइंडिंगनंतर सगळ्या कवितांच्या ओळींचे पहिले अक्षर शिवणीत गेले.